देशाचा हिशेब

कोकणातील गुहागर तालुक्यात कोतळूक नावाचे एक लहानसे खेडे आहे. त्या खेड्यात ९ मे १८६६ रोजी एका गरीब पण स्वाभिमानी कुटुंबात गोपाळ कृष्ण गोखले यांचा जन्म झाला. त्यांचे वडील कृष्णराव हे कोल्हापूरजवळच्या कागल येथे नोकरीस होते. मिळकत थोडी आणि खाणारी तोंडे अधिक, अशी घरची स्थिती होती. गोपाळचे आरंभीचे शिक्षण कागल येथे झाले. पुढे तो आणि त्याचा थोरला भाऊ गोविंद हे दोघे शिकण्यासाठी कोल्हापुरास राहू लागले.

गोपाळच्या शाळेतील दिवसांची एक आठवण अजूनही सांगितली जाते. एकदा गुरुजींनी गणितातील काही अवघड उदाहरणे घरून सोडवून आणण्यास सांगितली. दुसऱ्या दिवशी वह्या तपासल्या, तेव्हा एकट्या गोपाळची सर्व उत्तरे बरोबर निघाली. गुरुजी प्रसन्न झाले. त्यांनी त्याला वर्गात पहिल्या जागेवर बसण्यास सांगितले. परंतु गोपाळ जागचा हलला नाही. त्याच्या डोळ्यांतून घळघळा पाणी वाहू लागले. सर्व मुले चकित झाली. गुरुजींनी जवळ घेऊन कारण विचारले, तेव्हा त्याने सांगितले की, एका उदाहरणात आपण दुसऱ्याची मदत घेतली होती. म्हणून हा मान आपला नाही. उत्तर बरोबर होते, परंतु ते आपले नव्हते, ही गोष्ट त्या मुलाला बोचत होती. हीच बोच गोपाळच्या अंगी जन्मभर राहिली, आणि तिनेच पुढे त्याला मोठे केले.

सन १८७९ मध्ये वडील वारले. त्या वेळी गोपाळ तेरा वर्षांचा होता. कुटुंबाचा सारा भार थोरला भाऊ गोविंद याच्यावर आला. गोविंदाने आपले शिक्षण सोडले आणि कागल येथे दरमहा पंधरा रुपयांची नोकरी पत्करली. त्या पंधरा रुपयांतून आठ रुपये तो दर महिन्यास गोपाळच्या शिक्षणासाठी कोल्हापुरास पाठवू लागला. उरलेल्या सात रुपयांत घरची सर्व माणसे गुजराण करीत. आपल्या हातात पडणारा प्रत्येक पैसा कोणाच्या तोंडचा घास आहे, हे गोपाळ जाणून होता. म्हणून तो एकेका पैचा हिशेब ठेवी.

एकदा एका सोबत्याने त्याला नाटकास चलण्याचा आग्रह केला. तो आपल्याला स्वखर्चाने नेत आहे, असे समजून गोपाळ गेला. पण काही दिवसांनी त्या सोबत्याने तिकिटाचे दोन आणे मागितले. गोपाळने वाद घातला नाही. त्याने दोन आणे देऊन टाकले. मात्र ती तूट भरून काढण्यासाठी त्याने दिव्याच्या तेलाचा खर्च बंद केला, आणि तेवढे दिवस रस्त्यावरील दिव्याच्या उजेडात अभ्यास केला, असे सांगतात. ज्याला आठ रुपयांत महिना काढावयाचा आहे, त्याच्या दृष्टीने दोन आणे म्हणजे केवढी मोठी रक्कम असते, हे गोपाळ अनुभवाने शिकला. पुढे कोट्यवधी रुपयांचे आकडे त्याच्यासमोर आले, तेव्हाही हे दोन आणे तो विसरला नाही.

सन १८८१ मध्ये गोपाळ मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाला. कोल्हापूरचे राजाराम कॉलेज, पुण्याचे डेक्कन कॉलेज आणि मुंबईचे एल्फिन्स्टन कॉलेज अशा तीन ठिकाणी त्याचे उच्च शिक्षण झाले. एल्फिन्स्टन कॉलेजात हॉथॉर्नथ्वेट या विख्यात प्राध्यापकांच्या हाताखाली त्याने गणिताचे अध्ययन केले. तेथे त्याला दरमहा वीस रुपयांची शिष्यवृत्तीही मिळाली. सन १८८४ मध्ये वयाच्या अठराव्या वर्षी तो पदवीधर झाला.

त्या काळी पदवीधर तरुणांची संख्या फार थोडी असे. सरकारी नोकरी किंवा वकिली यांपैकी कोणताही मार्ग धरला असता, तरी गोखल्यांना चांगले उत्पन्न मिळाले असते. भावाचे ऋण फेडण्याची ओढही मनात होती. परंतु त्या वेळी पुण्यात एक नवे वारे वाहत होते. चिपळूणकर, टिळक आणि आगरकर यांनी काढलेली न्यू इंग्लिश स्कूल ही शाळा नावारूपास आली होती. डेक्कन एज्युकेशन सोसायटीची स्थापना झाली होती, आणि १८८५ च्या आरंभी फर्ग्युसन कॉलेजही सुरू झाले. देशातील तरुणांनी अल्प वेतनावर देशातील मुलांना शिकवावे, हे या संस्थेचे ध्येय होते. गोखले १८८५ मध्ये न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक झाले, आणि पुढील वर्षी सोसायटीचे आजीव सदस्य बनले. आपल्या आयुष्यातील उमेदीची वर्षे त्यांनी या संस्थेला वाहिली.

शाळेत आणि कॉलेजात त्यांनी गणित शिकवले, इंग्रजी वाङ्मय शिकवले, आणि पुढे इतिहास व अर्थशास्त्रही शिकवले. एखादा विषय शिकवण्यास माणूस नसला, की तो गोखल्यांकडे येई, आणि ते तो रात्रंदिवस अभ्यास करून तयार करीत. एका सहकाऱ्याच्या साहाय्याने त्यांनी अंकगणिताचे एक पुस्तक सिद्ध केले. उदाहरणांची काळजीपूर्वक निवड आणि पायरीपायरीने चढत जाणारी मांडणी यांमुळे ते पुस्तक देशातील अनेक शाळांत चालू लागले, व अनेक वर्षे चालले. कितीतरी मुले गोखल्यांचे नाव प्रथम ओळखू लागली ती अंकगणिताच्या पुस्तकामुळेच.

गणिताचा शिक्षक देशाच्या अर्थकारणाकडे वळला, तो न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्यामुळे. रानडे हे हिंदी अर्थशास्त्राचे पहिले थोर अभ्यासक होते. देशाचे दारिद्र्य नुसत्या भाषणांनी दूर होणार नाही, त्याची कारणे सरकारी कागदपत्रांतून शोधून काढली पाहिजेत, असे त्यांचे मत होते. त्यांनी गोखल्यांच्या अंगचे गुण ओळखले. सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकाचे काम गोखल्यांकडे आले. रानड्यांनी सरकारी अहवालांचे जाडजूड ग्रंथ त्यांच्यापुढे टाकावेत, आणि गोखल्यांनी त्यांतून आकडे काढून, त्यांची जुळणी करून, निष्कर्ष लिहून आणावेत, असा क्रम सुरू झाला. लेखात एखादा आकडा कच्चा राहिला, किंवा एखादे विधान पुराव्यापेक्षा पुढे गेले, तर रानडे तो लेख परत करीत. गोखले पुन्हा नव्याने लिहीत. बारा-तेरा वर्षे ही कठोर शिकवणी चालली.

या कामी त्यांना आणखी एका मोठ्या माणसाचे साहाय्य लाभले. गणेश व्यंकटेश जोशी हे सरकारी शाळेचे मुख्याध्यापक होते. व्यवसायाने शिक्षक असूनही देशाच्या जमाखर्चाची त्यांच्याएवढी बारीक माहिती फार थोड्यांना होती. अवघड आकडे समजून घेण्यासाठी गोखले वारंवार त्यांचा सल्ला घेत.

गणित आणि अर्थकारण यांत एक मोठा भेद आहे. वहीतील उदाहरणात दिलेले आकडे खरे मानून पुढे चालावयाचे असते. राज्याच्या जमाखर्चात मात्र आकडा कोठून आला, कोणी दिला आणि त्याच्यामागे कोणती माणसे उभी आहेत, हे आधी पाहावे लागते. बेरीज बरोबर असली तरी तिचा अर्थ चुकीचा लावला जाऊ शकतो. गोखल्यांनी हा भेद रानड्यांजवळ ओळखला.

या विद्येची पहिली मोठी कसोटी १८९७ मध्ये लागली. हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करण्यासाठी ब्रिटिश सरकारने लॉर्ड वेल्बी यांच्या अध्यक्षतेखाली एक आयोग नेमला होता. दादाभाई नवरोजी हे त्या आयोगाचे एक सदस्य होते. आयोगापुढे साक्ष देण्यासाठी पुण्याच्या डेक्कन सभेने गोखल्यांना इंग्लंडला पाठवले. प्रवासात फ्रान्समधील कॅले येथे त्यांच्या छातीस जबर दुखापत झाली. तरीही वेदना सोसून त्यांनी तयारी चालू ठेवली. एप्रिल महिन्यात आयोगातील मुरब्बी सदस्यांनी त्यांची कसून उलटतपासणी केली. तिशीतला हा शिक्षक कोठेही अडखळला नाही. कोणत्या वर्षी लष्करावर किती खर्च झाला, त्यातील किती हिंदुस्थानच्या हिताचा होता आणि किती इंग्लंडच्या, हे तो आधारासह सांगत होता. त्याच्या साक्षीने हिंदी नेते आणि त्यांचे इंग्रज मित्र यांना मोठा अभिमान वाटला.

परंतु त्याच वर्षी गोखल्यांवर एक दारुण प्रसंग ओढवला. ते इंग्लंडात असताना पुण्यात प्लेगची साथ चालू होती. घरोघर तपासणी करण्यासाठी सरकारने गोऱ्या सैनिकांची योजना केली होती. त्यांच्या वर्तनाने लोक अतिशय त्रासले होते. पुण्याहून गोखल्यांना पत्रे आली. त्यांत सैनिकांच्या अत्याचारासंबंधी अत्यंत गंभीर आरोप होते. गोखल्यांचे मन पेटून उठले. त्या पत्रांवर विश्वास ठेवून त्यांनी ते आरोप इंग्लंडमधील वृत्तपत्रात प्रसिद्ध केले. मुंबई सरकारने पुरावा मागितला. स्वदेशी परत आल्यावर गोखल्यांनी पुराव्याचा शोध केला. पण त्यांतील सर्वांत गंभीर आरोपांना पुरावा मिळेना. पत्रे लिहिणाऱ्यांची नावे उघड केली असती, तर स्वतःवरील दोष त्यांना दुसऱ्यांवर ढकलता आला असता. परंतु त्यांनी ती नावे सांगितली नाहीत.

आता काय करावे? लोकांना त्रास झाला होता, हे खोटे नव्हते. माफी मागावी, तर स्वकीय भित्रा म्हणतील. न मागावी, तर जे सिद्ध करता येत नाही, त्याला चिकटून राहिल्यासारखे होईल. रानड्यांनी घालून दिलेला नियम गोखल्यांना ठाऊक होता. विधान पुराव्यापेक्षा पुढे गेले, तर ते मागे घेतले पाहिजे. त्या वर्षीच्या ऑगस्ट महिन्यात त्यांनी जाहीर रीतीने ते आरोप मागे घेतले व क्षमा मागितली. अपेक्षेप्रमाणे त्यांच्यावर चोहोंकडून टीकेचा वर्षाव झाला. ज्यांनी काही महिन्यांपूर्वी त्यांचा गौरव केला होता, त्यांपैकी अनेकांनी पाठ फिरवली. गोखल्यांच्या मनाला खोल जखम झाली. तरी ते घरात बसून राहिले नाहीत. पुण्यात प्लेग पुन्हा उद्भवला, तेव्हा स्वयंसेवकांसह ते लोकांच्या मदतीस धावून गेले. एका उदाहरणात दुसऱ्याची मदत घेतल्याबद्दल ज्या मुलाला रडू कोसळले होते, तोच मुलगा मोठेपणी आपली चूक साऱ्या देशासमोर कबूल करून पुन्हा कामास लागला होता. त्या दिवसापासून गोखल्यांनी तपासून न पाहिलेला एकही आकडा जाहीरपणे उच्चारावयाचा नाही, असा जणू निर्धारच केला.

पुढे ते मुंबई प्रांताच्या कायदेमंडळाचे सदस्य झाले. सन १९०२ मध्ये फर्ग्युसन कॉलेजातून ते अल्प निवृत्तिवेतनावर निवृत्त झाले, आणि त्याच वर्षी व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात त्यांचा प्रवेश झाला. हे मंडळ त्या वेळी हिंदुस्थानची राजधानी असलेल्या कलकत्त्यास भरत असे. त्यात सरकारी अधिकाऱ्यांचे बहुमत असे. दरवर्षी अंदाजपत्रकावर सदस्यांना बोलता येई. परंतु त्यात एका रुपयाचाही फेरफार करण्याचा अधिकार त्यांना नव्हता. अशा मंडळात शब्द आणि आकडे हीच काय ती दोन साधने गोखल्यांच्या हाती होती.

२६ मार्च १९०२ रोजी गोखले प्रथमच अंदाजपत्रकावर बोलण्यास उभे राहिले. व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन अध्यक्षस्थानी होते. त्या वर्षी सरकारी तिजोरीत सुमारे सात कोटी रुपयांची शिल्लक पडली होती. एवढी मोठी शिल्लक म्हणजे देशाच्या भरभराटीची खूण, असे सरकारी बाजूचे म्हणणे होते. सभागृहात आनंदाचे वातावरण होते. अशा वेळी पस्तीस वर्षांच्या गोखल्यांनी शांतपणे दाखवून दिले की, ही शिल्लक भरभराटीची खूण नसून, गरज नसताना लोकांकडून घेतलेल्या कराची खूण आहे.

हे त्यांनी कसे दाखवले, ते समजून घेण्यास केवळ भागाकार पुरेसा आहे. हिंदुस्थान सरकारला दरसाल मोठी रक्कम इंग्लंडमध्ये पाठवावी लागे. कर्जाचे व्याज, अधिकाऱ्यांची निवृत्तिवेतने, सैन्याचा खर्च अशा अनेक बाबी तीत असत. ही रक्कम पौंडांत द्यावी लागे, आणि कर मात्र रुपयांत गोळा होई. पौंड सोन्याचा होता व रुपया चांदीचा. चांदी स्वस्त होत गेली, तसा रुपयाचा भाव उतरत गेला. सन १८९४-९५ च्या सुमारास एका रुपयास जेमतेम तेरा पेन्स मिळत. एका पौंडाचे पेन्स २४०. म्हणजे एक पौंड पाठवण्यासाठी जवळजवळ साडेअठरा रुपये लागत. ही तूट भरून काढावी, म्हणून सरकारने करांचे ओझे वाढवले होते.

त्यापूर्वीच सरकारने लोकांची चांदी घेऊन रुपये पाडून देणे बंद केले होते. रुपया दुर्मिळ झाला आणि त्याचा भाव चढून सोळा पेन्सांवर स्थिर झाला. आता २४० पेन्सांच्या एका पौंडास पंधराच रुपये पुरेसे झाले. दर पौंडामागे सुमारे साडेतीन रुपये वाचू लागले. एक कोटी पौंड पाठवावयाचे म्हटले, तर साडेतीन कोटी रुपयांची बचत होते. आणि दरसाल पाठवावयाची रक्कम तर दीड कोटी पौंडांहूनही अधिक होती! रुपया पडला म्हणून कर वाढवले. रुपया सावरला तरी कर तसेच राहिले. सात कोटींच्या शिल्लकीचे मुख्य रहस्य ते हेच.

एवढे सांगून गोखले थांबले नाहीत. ज्या वर्षांत ही शिल्लक साठत होती, त्याच वर्षांत देशावर १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन भयंकर दुष्काळ कोसळले होते, प्लेगने गावेच्या गावे ओस पडत होती, याकडे त्यांनी लक्ष वेधले. तिजोरी भरलेली आणि कोठारे रिकामी, अशी स्थिती असेल, तर दोष हिशेबाच्या मांडणीतच असला पाहिजे, असा त्यांच्या विवेचनाचा आशय होता.

करांमध्ये त्यांच्या मनाला सर्वांत अधिक सलत होता, तो मिठावरील कर. सन १८८८ मध्ये तो दर मणास दोन रुपयांवरून अडीच रुपये करण्यात आला होता. चाळीस शेरांचा मण आणि अडीच रुपयांचे चाळीस आणे. म्हणजे शेरभर मिठामागे एक आणा कर! मीठ तयार करण्यास जो खर्च येई, त्याच्या कितीतरी पट हा कर होता. श्रीमंताला त्याची जाणीवही होत नसे. परंतु ज्याचे जेवण म्हणजे भाकरी आणि मीठ, त्याला तो बोचे. दोन आण्यांसाठी दिव्याचे तेल बंद करणारा गोपाळ या एका आण्याची किंमत ओळखून होता. त्यांनी अनेक वर्षांच्या विक्रीचे आकडे मांडले. कर वाढल्यावर लोकसंख्येच्या मानाने मिठाचा खप वाढलेला नाही, याचा अर्थ गरीब माणूस आणि त्याची गुरे यांना पुरेसे मीठच मिळत नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

या भाषणाने देशभर खळबळ उडाली. वृत्तपत्रांनी ते आवडीने छापले. आपल्या मनातील दुःख कोणीतरी सरकारच्याच आकड्यांनी सरकारपुढे मांडले, याचे लोकांना मोठे समाधान वाटले. त्यानंतर दरवर्षी गोखल्यांच्या अंदाजपत्रकावरील भाषणाची सारा देश वाट पाहू लागला. अधिकारीही त्यासाठी विशेष तयारी करून येत. कारण येथे रागावून भागत नसे, आकड्याला आकड्यानेच उत्तर द्यावे लागे.

सन १९०३ मध्ये मिठावरील कर मणास दोन रुपये झाला. खप वाढला. गोखल्यांनी ते वाढलेले आकडे पुढे ठेवून आणखी कपातीची मागणी केली. सन १९०५ मध्ये तो दीड रुपया झाला, आणि १९०७ मध्ये एक रुपया झाला. त्याचप्रमाणे १९०३ मध्ये वर्षाला एक हजार रुपयांपर्यंत उत्पन्न असणाऱ्यांना प्राप्तिकरातून सूट मिळाली; पूर्वी ही मर्यादा पाचशे रुपयांची होती. हे सर्व एकट्या गोखल्यांमुळे झाले, असे म्हणता येणार नाही. अनेकांनी अनेक वर्षे ही मागणी केली होती. परंतु त्या मागणीस जे अचूक रूप द्यावे लागते, ते गोखल्यांनी दिले. लष्करावरील प्रचंड खर्च मात्र ते कमी करवू शकले नाहीत. देशातील कापडावरील करही त्यांच्या हयातीत उठला नाही. तरी प्रत्येक वर्षी त्यांनी तो हिशेब नव्याने मांडला.

या सार्वजनिक कार्यासाठी जन्मभर वाहून घेणारे सेवक हवेत, या विचाराने त्यांनी १२ जून १९०५ रोजी पुण्यात भारत सेवक समाजाची स्थापना केली. त्याच वर्षी बनारस येथे भरलेल्या राष्ट्रीय सभेचे ते अध्यक्ष झाले. महात्मा गांधी त्यांना आपले राजकीय गुरू मानीत. दक्षिण आफ्रिकेतील हिंदी लोकांचे हाल स्वतः पाहण्यासाठी गोखले १९१२ मध्ये तेथे जाऊन आले.

कर कमी करणे एवढाच गोखल्यांच्या हिशेबाचा हेतू नव्हता. जमलेला पैसा कोठे खर्च व्हावा, हाही त्यांचा प्रश्न होता, आणि त्याचे त्यांचे उत्तर ठरलेले होते: मुलांच्या शिक्षणावर. १६ मार्च १९११ रोजी त्यांनी कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. सहा ते दहा वर्षांच्या मुलांना शाळेत पाठवणे सक्तीचे व्हावे, आणि ज्या पालकाचे उत्पन्न दरमहा दहा रुपयांहून कमी असेल, त्याच्याकडून फी घेऊ नये, अशी त्यात तरतूद होती. येथेही त्यांची हिशेबी दृष्टी दिसते. एकदम साऱ्या देशाला लागू होईल, असा कायदा त्यांनी मागितला नाही. ज्या भागात शाळेत जाणाऱ्या मुलांचे प्रमाण काही मर्यादेपर्यंत पोहोचले असेल, तेथेच आरंभ करावा. खर्चाचा एक तृतीयांश भाग स्थानिक संस्थांनी उचलावा व दोन तृतीयांश सरकारने द्यावा, असे त्यांनी सुचवले. बडोदे संस्थानात सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये सक्तीचे शिक्षण सुरू करून ते शक्य आहे, हे दाखवून दिलेच होते.

सरकारी बाजूने विरोध झाला. काही हिंदी सदस्यांनीही विरोध केला. १९ मार्च १९१२ रोजी मते मोजली गेली. विधेयकाच्या बाजूने १३ आणि विरुद्ध ३८ अशी मते पडली. गणिताच्या प्राध्यापकाला हा निकाल आधीच ठाऊक होता. तरीही त्याने विधेयक मांडले. कारण आज पडलेले पाऊल उद्या येणाऱ्यांच्या उपयोगी पडेल, असा त्याचा विश्वास होता.

तो विश्वास खोटा ठरला नाही. गोखल्यांनंतर तीन वर्षांनी, १९१८ मध्ये, विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नाने मुंबई प्रांतात प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला, आणि नगरपालिकांना शिक्षण सक्तीचे करण्याचा अधिकार मिळाला. स्वतंत्र भारतात २००९ मध्ये सहा ते चौदा वर्षे वयाच्या सर्व मुलामुलींना मोफत व सक्तीचे शिक्षण देणारा कायदा संमत झाला. ज्या उदाहरणाची पहिली पायरी गोखल्यांनी मांडली, ते पुरे होण्यास जवळजवळ शंभर वर्षे लागली.

अविश्रांत श्रमांनी गोखल्यांची प्रकृती खालावत गेली. मधुमेहाने त्यांना ग्रासले होते. तरी सरकारी नोकऱ्यांच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाचे सदस्य म्हणून ते अखेरपर्यंत काम करीत राहिले. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. त्या वेळी त्यांचे वय अवघे अठ्ठेचाळीस वर्षांचे होते. पुढे १९३० मध्ये पुण्यात राजकारण आणि अर्थशास्त्र यांच्या अभ्यासासाठी एक संस्था स्थापन झाली, व तिला गोखल्यांचे नाव देण्यात आले. देशाच्या प्रश्नांचा आकड्यांच्या आधारे अभ्यास करणारी ती संस्था म्हणजे त्यांचे योग्य असेच स्मारक होय.

गोखल्यांपेक्षा गणितात अधिक पारंगत असलेली माणसे त्या काळीही होती. त्यांच्यापेक्षा अधिक आवेशाने बोलणारे वक्तेही होते. परंतु आकडा उच्चारण्यापूर्वी तो तपासावा, तो चुकला तर आपल्या हाताने खोडावा, आणि तो खरा असेल तर कोणाच्याही भीतीने मागे घेऊ नये, हा धडा त्यांच्याइतका कोणी गिरवला नाही. कागलच्या पंधरा रुपयांतून आलेले आठ रुपये ज्याने जपून खर्च केले, त्याच्या हाती देशाचा हिशेब आला, तेव्हा त्या हिशेबात शेरभर मिठामागचा आणाही हरवला नाही.